घाटनांदूरचा अंदाज

दसरा झाला, की अंबाजोगाईच्या मंजुषाला लोक रस्त्यात गाठून विचारायचे, "ताई, यंदा कोण?" वाण्याच्या दुकानात विचारायचे, गिरणीवर विचारायचे. एकदा तर ती मयताच्या घरी निधनाचा मजकूर आणायला गेली होती, तिथंही एकाने डोळे पुसत पुसत हेच विचारलं.

एरवी मंजुषाचं काम साधं होतं. गावातल्या एका छोट्या दैनिकात ती जाहिराती जुळवायची. निधन, बारसं, प्लॉट विकणे आहे. पण कॉलेजात असताना ती विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळली होती, आणि जिल्ह्यात मुलींची लीग सुरू झाली तेव्हा संपादक म्हणाले, "तुमच्याशिवाय इथं कुणाला कळतंय? तुम्हीच लिहा." तेव्हापासून हंगामाच्या आधीच्या रविवारचं अर्धं पान तिचं. कोणत्या क्लबची बचावफळी पक्की, कुणाची मधली फळी उत्तरार्धात दमते, कोण वर जाईल, कोण तळाला राहील. ऐकीव काही लिहायचं नाही, हा तिचा नेम. एसटीने, स्कूटीने प्रत्येक मैदानावर जायची आणि बांधावर बसून सराव बघायची. एका वर्षी तिने मांजरसुंब्याच्या आरोहीबद्दल लिहिलं, की उंच चेंडू आला की ही गोलकीपर डोळे मिटते. आरोहीने वर्षभर रागारागाने सराव केला आणि डोळे मिटायची सवयच मोडून काढली.

यंदाही मंजुषाने सुरुवात मांजरसुंब्यापासून केली. ढाब्यांच्या मागच्या पडीक रानात सराव चालला होता. आरोही आता गोलात भिंतीसारखी उभी राहत होती, पण पुढे चेंडू घेऊन जाणारं कुणी नव्हतं. हा संघ फारसा हरणार नाही आणि फारसा जिंकणारही नाही, असं तिने मनात धरलं. कपिलधारकडचा क्लब नवा होता, त्या पोरी पळायच्या वाऱ्यासारख्या, पण दिसेल तिकडे चेंडू मारायच्या. अंबाजोगाईच्या मुलींकडे चांगले बूट होते, शिकवायला माणूस होता, आणि आपणच जिंकणार असा तोराही होता. शेवटी राहिलं घाटनांदूर. त्यांच्याबद्दल मंजुषाला विचार करायची गरजच वाटत नव्हती. त्यांच्याकडे वैष्णवी होती. गेल्या हंगामात सगळ्यात जास्त गोल तिचेच होते. ही ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली अकरावीतली पोर चेंडू घेऊन निघाली, की समोरच्या मुली आपोआप दोन पावलं मागे सरकायच्या.

मंजुषा सकाळीच घाटनांदूरला पोचली. शाळेमागच्या मैदानावर पोरी दोन बाजू करून खेळत होत्या. एक चेंडू लांब उडाला आणि बांधापलीकडच्या ज्वारीत गेला. वैष्णवी त्याच्यामागे धावत सुटली. बाकीच्या पोरी पाणी प्यायला टाकीकडे वळल्या. मंजुषा बांधावर होती, म्हणून तिला एकटीलाच दिसलं. पळता पळता वैष्णवीचे पाय थांबले. ठेच लागली नाही, कुणाचा धक्का लागला नाही. कुणी दोरी सोडावी तशी ती खाली कोसळली.

मंजुषा धावली. पोरगी ज्वारीत तोंडावर पडली होती. उताणी केली तर डोळे अर्धे उघडे आणि ओठ निळसर. मंजुषाने हाक मारली, गाल थोपटले. मनगट धरलं तर नाडी लागेना. लागत नाही की आपल्याच हातांना समजत नाही, हेही तिला कळेना. तिने टाकीकडे बघून हाक दिली, पण ती कुणाला ऐकू गेली नाही. टाकीकडून पोरींचं हसणं ऐकू येत होतं. मग वैष्णवीच्या छातीतून एक लांब श्वास आला आणि तिने डोळे उघडले.

"काय झालं?" असं विचारत ती उठून बसली. तोंडावरची माती पुसली आणि समोर मंजुषाला बघून एकदम सावध झाली. "काय न्हाई ताई. उपाशी आलेय, म्हणून."

"आधी कधी पडली होतीस?"

"न्हाई."

"वैष्णवी."

पोरीने मान खाली घातली. "दोनदा. घरी न्हाई सांगितलं." मग तिने मंजुषाचा हात घट्ट धरला. "ताई, पाया पडते, पेपरात लिहू नका. मी खेळते म्हणून आई-बाबा ऊसतोडीला जाताना मला आजीपाशी ठेवतेत. खेळणं बंद झालं तर मला कावून ठेवतील? एक स्थळ आलंय केजकडचं. बाबा म्हणतेत, लगीन लावू, जोडीनं कोयत्याला जातील. माजं सोळावं बी सरलं न्हाई, ताई."

टाकीकडून कुणीतरी हाक मारली. वैष्णवी उठली, चेंडू घेतला आणि जसं काही झालंच नाही अशी पळत गेली. उरलेला सराव मंजुषाने पाहिला, पण खेळ तिला दिसलाच नाही. ती फक्त वैष्णवीचे पाय बघत होती. पोरगी वेग घ्यायची आणि मंजुषा बांधावर अर्धी उठायची. पोरीने तीन गोल केले. प्रत्येक गोलाला बाकीच्या ओरडल्या, तेव्हा मंजुषाने डोळे मिटून घेतले होते.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला, रामेश्वरला सगळं सांगितलं. मिक्सर दुरुस्त करता करता तो म्हणाला, "तू डॉक्टर आहेस का? पोरींना येते चक्कर. उगं त्या लेकराचं लगीन लावून देशील."

त्याचंही खरं होतं, आणि तेच तिला खात होतं. बोललं तर पोरगी मांडवात जाईल आणि तिथून उसाच्या फडात. नाही बोललं तर एखाद्या दिवशी मैदानात पडेल आणि उठणार नाही. दोन दिवस मंजुषाने बाकीच्या क्लबांचं लिहून काढलं. घाटनांदूरच्या नावाखाली मात्र एक ओळ पुढे सरकेना. फोन वाजला की हातातलं टाकून ती तो उचलायची. वाटायचं, तीच बातमी असणार.

एकदा फोन आला तो अर्जुनरावांचा. अर्जुनराव घाटनांदूरचे मोठे बागायतदार आणि क्लबचे अध्यक्ष. "मंजूताई, यंदा आमाला एक नंबरवर टाका बरं का. पहिली मॅच आमच्याच मैदानावर हाय. सगळ्या पुढाऱ्यांना बोलवलंय."

मंजुषाने धीर करून सांगितलं, की वैष्णवी सरावात पडली होती, तिला आधी दवाखान्यात न्यायला हवं.

अर्जुनराव म्हणाले, "ताई, असं काय पेपरात घालू नका. पोरगी उपाशी आली असंल. मी दूध चालू करतो तिला." आवाज गोडच होता. फोन ठेवल्यावर मंजुषाने ठरवलं, आता पोरीच्या आईलाच गाठायचं.

दुसऱ्या दिवशी ती वैष्णवीच्या घरी गेली. दाराशी बाजलं उभं केलं होतं, पातेली पोत्यात भरली होती. ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक दोन-चार दिवसांत येणार होता. वैष्णवी कॉलेजला गेली होती. तिची आई विमलबाई एकटीच गोधड्या बांधत बसली होती. मंजुषाने जे पाहिलं ते सगळं सांगितलं. मध्ये विमलबाईचे हात थांबले. गोधडीची गाठ तशीच अर्धी राहिली.

"ओठ निळे पडलते?" तिने विचारलं.

"हो."

"माजा भाऊ असाच गेला." विमलबाई भिंतीकडे बघत बोलली. "उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकाकडं चाललाता. मधीच बसला खाली. आमाला वाटलं, दमला. ओठ असेच झालते. लगीन होऊन वरीस झालं न्हवतं त्याचं." मग ती मंजुषाकडे वळली. आता तिच्या डोळ्यांत जी भीती होती, ती बघून मंजुषा आपली भीती विसरली. "ताई, माज्या पोरीला बी तेच हाय का?"

"मला नाही कळत विमलबाई. म्हणून दवाखान्यात जाऊ. उद्याच."

सकाळी तिघी स्कूटीवरून निघाल्या. वैष्णवी दोघींच्या मध्ये बसली होती. तिने मंजुषाला धरलं नाही, दोन्ही हातांनी सीटची कड धरून बसली. वाटेत एकदाच बोलली. "तुमी सांगणार न्हाई, असं वाटलं व्हतं मला." मंजुषाने वेग कमी केला. रस्त्यावर खड्डे होते आणि तिला तेवढंच बघायचं होतं.

सरकारी दवाखान्यात छातीच्या ठोक्यांची, ईसीजीची पट्टी काढली. मग एका तरुण डॉक्टरीणबाईने पोरीला आत नेलं आणि मशीनवर बराच वेळ बघितलं. बाहेर बाकावर विमलबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. दार उघडून नर्स आली की दोघी उठायच्या. नर्स दुसऱ्याच कुणाचं नाव घ्यायची.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिघींना समोर बसवलं. हृदयाची एक भिंत जाड झाली आहे, असं त्या म्हणाल्या. जोरात पळालं, जड ओझं उचललं, की ठोके बिघडतात. एखाद्या वेळी थांबतात ते परत सुरूच होत नाहीत. विमलबाईने भावाचं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. घराण्यात चालतो हा आजार. विमलबाईचीही पट्टी काढली. तिच्यात फारसं काही निघालं नाही, तरी दर वर्षी येऊन दाखवा म्हणाल्या.

"गोळ्या रोज. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देते, तिथे दाखवा. खेळणं बंद. धावणं बंद. शेतातलं जड कामही बंद."

"मॅडम, नुसतं थोडं पळलं तर?" वैष्णवीने विचारलं.

"नाही, बाळा."

वैष्णवी रडली नाही. दवाखान्याच्या पायऱ्या एकेक करून उतरली. खाली आल्यावर मंजुषाकडे न बघता म्हणाली, "झालं ना आता तुमचं समाधान?"

त्या रविवारी पान छापून आलं. घाटनांदूर चौथ्या नंबरावर होतं. आजाराबद्दल अक्षर नव्हतं. एवढंच होतं, की वैष्णवी यंदा खेळणार नाही, आणि तिच्याशिवाय या संघाला गोल शोधावे लागतील. सकाळी सकाळी अर्जुनरावांचा फोन आला. आता आवाज गोड नव्हता. "पुढारी येणारेत ताई. एकच मॅच खेळू द्या तिला. अर्धा तास. ती स्वतः म्हणते, खेळते."

"अर्जुनराव, ती मरेल."

"तुमी लई भेवता," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती स्वतः म्हणते, हे शब्द मंजुषाच्या डोक्यात रुतून बसले. ती तडक घाटनांदूरला गेली. वैष्णवीच्या दारात ट्रक लागला होता. पत्रे, सरपण, पाण्याचं पिंप, वर बांधलेली शेळी. वैष्णवीचे वडील बद्रीनाथ आणि केजकडचा एक पाहुणा ओट्यावर बोलत बसले होते. बद्रीनाथ म्हणत होता, "खेळणं सुटलंच हाय, तर घेऊन जाऊ संगं. लग्नाचं फडावरच बघू." मंजुषा दारातच थांबली. आपणच हे घडवलं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात विमलबाई घरातून बाहेर आली. तिच्या हातात गोळ्यांची पिशवी होती. एरवी पाहुण्यांसमोर न बोलणारी बाई ओट्यासमोर येऊन उभी राहिली.

"डॉक्टरनं सांगितलंय, कोयता न्हाई. मोळी न्हाई. पाव्हणं, तुमी बी ऐका. माजा भाऊ फडात गेला, तसंच दुखणं हाय पोरीला. तिला फडात न्यायची असंल, तर आधी मला इथंच मारा आन् मग न्या."

बद्रीनाथ उठून उभा राहिला. तो हात उगारतो की काय, असं मंजुषाला वाटलं. पण तो बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला आणि हळूहळू परत खाली बसला. "चक्कर येती, एवढंच ऐकलं व्हतं मी. ह्ये मला कुणी सांगितलंच न्हाई," एवढंच तो म्हणाला. पाहुणा चपला शोधू लागला. दुखणेकरी पोरगी त्यालाही नको होती.

ट्रक गेला. वैष्णवी आजीपाशी राहिली. गोळ्या दोघींच्या डोळ्यांसमोर घ्यायच्या, असं विमलबाईने आजीला आणि मंजुषाला शपथ घालून सांगितलं होतं. म्हणून मंजुषा एक दिवसाआड यायची. वैष्णवी तिच्यासमोर गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची आणि आत निघून जायची. बोलायची नाही.

पहिल्या सामन्याच्या दिवशी मंजुषाला पोचायला उशीर झाला. मांडव, भोंगा, फेटे बांधलेले पुढारी. मैदानाच्या कडेला गर्दी. गर्दीच्या खांद्यांवरून तिला आधी दिसला तो पाठीवरचा नऊ आकडा. वैष्णवीचा. तो मधून उजवीकडे सुसाट पळत होता.

मंजुषाच्या कानांत भोंग्याचा आवाज बंद झाला. ती माणसं ढकलत पुढे घुसली. कुणाच्या पायावर पाय पडला, कुणी शिवी दिली. रेषेपाशी पोचेपर्यंत तिला फक्त एवढंच कळत होतं, की तो आकडा अजून उभा आहे. मग ती मुलगी वळली. ती धनश्री होती, दहावीतली, सदरा तिला गुडघ्यापर्यंत येत होता. मंजुषाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि श्वास घेतला.

वैष्णवी मग कुठं होती? सामना सोडून ती घरी बसणारी नव्हती. मंजुषा मैदानाला वळसा घालून शोधत निघाली. ती सापडली गोलाच्या मागे, लिंबाखाली, मांडी घालून बसलेली. घाटनांदूरच्या गोलकीपरला ओरडून सांगत होती, "डावीकडं बघ, डावीकडं! ती लंबी मारणार न्हाई, आत घेणार!" मंजुषा थोड्या अंतरावर बसली. वैष्णवीने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड परत मैदानाकडे केलं.

मध्यंतरानंतर घाटनांदूरने एक गोल खाल्ला. थोड्या वेळाने एक चेंडू रेषेबाहेर गेला आणि गडगडत लिंबाच्या पुढे निघाला. वैष्णवी झटकन उठली. मंजुषाही उठली. पोरीने दोन पावलं पळतच टाकली होती. मग ती थांबली, छातीवर हात ठेवून उभी राहिली, आणि चालत जाऊन चेंडू उचलला. दोन्ही हातांनी डोक्यावरून तो मैदानात फेकला. बराच लांब गेला.

"खाली बसा ताई," ती म्हणाली. कितीतरी दिवसांत ती मंजुषाशी पहिल्यांदा बोलली होती. "मागच्यांना दिसंना."

मंजुषा बसली. सामना संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.