क्लचखालच्या नऊ चकत्या

मेश्रामकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजातून परत येत होते. उमरेड नुकतंच मागे पडलं होतं. फोन त्यांच्या सुनेचा, संगीताचा होता. ती सहसा मला फोन करत नाही, म्हणून गाडी एका कडुनिंबाखाली घेतली आणि उचलला. "बाई, बाबा गेले. जेवले, हात धुतले अन् बसल्या बसल्याच..." एवढंच बोलली ती. मला आठवतं ते इतकंच, की इंजिन सुरू होतं आणि माझा डावा पाय क्लचवर दाबलेला तसाच राहिला होता. तो पाय तिथे ठेवला त्या माणसाने. बारा वर्षांपूर्वी सगळ्यांनी मला सांगितलं होतं की हा पाय आता क्लचवर जाणार नाही. आणि तोच माणूस गेला म्हणून ही सांगत होती. पाय उचलायची हिंमतच होईना. दहा मिनिटं तशीच बसून होते.

आज चार-पाच आठवडे झाले. लिहिते आहे, कारण परवा एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

मी भिवापूरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. राहते तिथून पाऊणशे किलोमीटरवर, शहरातल्या धरमपेठेत. बारा वर्षांपूर्वी माझ्या स्कूटरला एका ट्रॅक्टरने उडवलं आणि डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. तीन ऑपरेशनं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, एवढा वाकतो त्यात समाधान माना. 'एवढा' म्हणजे किती? तर खुर्चीवर बसले की माझा पाय समोरच्या माणसाला अडखळवून पाडेल इतका पुढे. घरी व्यायाम शिकवायला एक मुलगी येत असे. तिने एकदा गुडघा दाबला आणि मी इतकी किंचाळले, की शेजारच्या काकू धावत आल्या. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला दारातूनच परत पाठवलं. त्यानंतर घरात कुणी गुडघ्याचं नाव काढलं की मी ताटावरून उठायची. खोटं कशाला सांगू, मी फार वाईट वागले त्या दिवसांत.

माझ्या बाबांची जुनी, चौकोनी, लहानशी गाडी दारात उभी होती. तिचा क्लच दाबायचा म्हणजे पाय एवढा आखडून वर घ्या आणि मग खाली तळापर्यंत न्या. आखडणार कसा? बसने जाऊन पाहिलं, तर बसची पायरी चढवेना. मोठ्या भावाने सरळ सुचवलं, "नोकरी सोड, घरी ट्यूशन घे." त्याच रागात मी कुणाकडून तरी मेश्रामकाकांचा पत्ता मिळवला. आमच्याच शहरातल्या इंदोऱ्यात घराला लागून टिनाचं शेड. आयुष्य कारखान्यात फिटर म्हणून घालवलेला, नुकताच रिटायर झालेला माणूस. छप्पन साली आईच्या कडेवर बसून दीक्षेला गेलेला, आणि ते प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगणारा.

दुसऱ्याला चालवायला लावून मी गाडी तिथवर नेली आणि त्यांना दाखवायला लागले, तर ते तिच्याकडे ढुंकूनही पाहीनात.

"गाडी मंग पाहू बाई. अगोदर गुडघा दाखवा."

"गुडघ्याचं नाव काढू नका," मी फाडकन म्हटलं. "तो झाला तेवढा झाला. मला फक्त गाडी चालवायची आहे."

"बरं बाप्पा, नाई काढत नाव," ते म्हणाले. आणि आत वळून, "बाईंले खुर्ची आण वं, संगीता!"

ते स्वतः बसायचे एका बुटक्या लाकडी स्टुलावर, जेमतेम वीतभर उंचीच्या. त्यांच्याकडे येणारे सगळे तसल्याच स्टुलांवर बसायचे. मी आले की घरातली एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची बाहेर यायची आणि मी त्यावर पाय ताणून बसायची... लहान मुलांच्या पंगतीत बसलेल्या इन्स्पेक्टरसारखी.

त्या दिवशी त्यांनी माझ्या टाचेखाली एक फळी ठेवली आणि पाय मागे-पुढे न्यायला लावून खडूने दोन रेघा मारल्या. दोन्हींमध्ये माझ्या पंजाएवढंसुद्धा अंतर नव्हतं. त्यांनी फळीकडे पाहिलं, गाडीत वाकून पेडल दोन-चारदा हाताने दाबलं आणि म्हणाले, "थ्या पेडलचं अर्धं जाणं-येणं फुकटचं हाये. क्लच मधातच सुटते, खालचं सारं बिनकामाचं. तुमचा पाय काई गाडीसाठी बदलत नाई, मंग गाडीनंच बदलाव ना." फिजिक्सची एम.एस्सी. मी. अकरावीच्या पोरांना तरफ शिकवून शिकवून घसा बसला माझा. पण पेडल जिथे काम करतं तिथेच त्याला थांबवता येईल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

गाडी ठेवून जा, आठ दिवसांनी या म्हणाले. मी चौथ्याच दिवशी गेले, धीर कुठला? पाहते तर काका अंगणात लंगडत चाललेले. डाव्या गुडघ्याला मागून-पुढून बांबूच्या कांब्या बांधलेल्या, वरून धोतराच्या चिंध्या करकचून गुंडाळलेल्या.

"अहो, पायाला काय झालं?"

"काई नाई झालं. तुमचा पाय घालून पाहून राहिलो."

मला आधी कळलंच नाही. मग संगीता सांगायला लागली. चार दिवस बाबा ह्याच पायाने चालतात, ह्याच पायाने माझी गाडी बर्डीच्या बाजारापर्यंत नेऊन आणतात, आणि जमिनीवर बसता येत नाही म्हणून आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसून जेवतात. सारी गल्ली हसून राहिली, म्हणाली. काकाही हसत होते. मी मात्र हसले नाही. माझ्या घरच्यांनी माझी कीव केली होती, काळजी केली होती, चिडलेही होते माझ्यावर. पण माझा पाय स्वतःला लावून पाहायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मी तिथेच, त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून रडले. ते पाना शोधायचं निमित्त करून शेडमध्ये गेले.

त्यांनी केलं ते दिसायला काहीच नव्हतं. मोडक्या बैलबंडीच्या बाभळीचा एक ठोकळा, काडेपेटीहून थोडा मोठा, त्याच्यावर ट्यूबच्या रबराची गोल चकती आणि खाली एकावर एक लोखंडी वायसर, म्हणजे वॉशरच्या पातळ चकत्या. सगळं एका बोल्टने पेडलच्या मागे, तळाच्या पत्र्यावर कसलेलं. पेडल तिथे येऊन टेकलं की 'टक्' असा बारीक आवाज व्हायचा. ठोकळा जास्त उंच झाला तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर करकरतो. म्हणून त्यांनी एक वायसर टाकायचा, गिअर टाकून पाहायचा, पुन्हा एक टाकायचा, असं दोन दिवस केलं. शेवटी नऊ बसले. दहाव्याला गिअर ओरडला. पेडल तळापर्यंत न्यायचं नव्हतं, म्हणून सीट अगदी मागच्या खाचेत सरकवता आली आणि पाय आखडून घ्यायची गरजच उरली नाही. गाडीत बसण्याआधी त्यांनी नेहमीसारख्या चपला बाहेर काढल्या. कुणाच्याही गाडीत ते चपला घालून बसले नाहीत कधी, ज्या जागी हात चालतो तिथे चपला कशाला म्हणायचे. मग म्हणाले, "आरटीओच्या साहेबाले दाखवल्याबिगर मी चावी देणार नाई." तेही सोबत येऊन केलं. दुसऱ्या सोमवारी मी भिवापूरला गेले, एकटी, पाऊणशे किलोमीटर जाताना आणि पाऊणशे येताना. त्या संध्याकाळी मी भावाला फोन करून काय काय सुनावलं, ते इथे लिहिता येणार नाही.

पहिल्याच मे महिन्यात मी त्या ठोकळ्याची अब्रू घालवली. परीक्षेचं काम होतं, ऊन असं की स्टिअरिंगला हात लावला की चटका. माझ्या आईने मायेने एक गोणपाट ओलं करून माझ्या पायाखाली अंथरलं, तळव्याला गार लागावं म्हणून. गावाबाहेर पडले आणि गिअर असे करकरायला लागले की जीव खाली-वर. क्लच गेला, सगळं गेलं, असं समजून मी रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि काकांना फोन केला. ते त्या उन्हात बसने आले. चपला काढल्या, वाकले, गोणपाटाचं एक टोक चिमटीत धरून बाहेर ओढलं. ते ठोकळ्यावर चढून बसलं होतं, म्हणून पेडल पुरतं जात नव्हतं.

"काहून बाई, क्लचले ऊन लागून राहिलं होतं का?"

त्यानंतर किती वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगायचे, आणि तीही माझ्यादेखत. मी त्यांना दरवर्षी भिवापूरची मिरची आणून द्यायची. ती डिक्कीत असली की घरापर्यंत शिंका देत यायचं. तर ते संगीताला म्हणायचे, "ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली असंन, पाह्यजा."

दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात गाडी त्यांच्याकडे न्यायची, हा नेम. दसऱ्याला ते दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांना पाणी वाटायला जायचे, मग तीन-चार दिवस हाती लागायचे नाहीत. मी खुर्चीवर, ते गाडीखाली. अर्ध्या तासाने हात पुसत बाहेर यायचे. "क्लचची वायर जराशी सैल झाली होती बाई. एक वायसर काढला." पहिले काही दिवस पेडल थोडं जास्त खाली जायचं, पाय भरून यायचा. मी कुरकुरले की म्हणायचे, "हवा बदलली ना, म्हणून जड वाटते." तिथवर पाय पोचावा म्हणून मी सीट एखादी खाच पुढे ओढून घ्यायची आणि विसरून जायची. मेट्रोचं काम चाललं तेव्हा बर्डीतून गाडी काढायची म्हणजे शंभरदा क्लच. मी त्यांच्याजवळ त्रागा केला, तर हा गृहस्थ विचारतो काय, "रोज एवढी गर्दी रायते? दोन्ही टाइम?" आणि चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही मी पगारवाढीची बातमी दिली. चिडले होते मी तेव्हा.

आता परवाची गोष्ट. सकाळी गिअर टाकताना करकर आली. मनात म्हटलं, वायर सैल झाली असेल, वायसर काढायला हवा... आणि मग लक्षात आलं, काढणार कोण. घराजवळच्या एका मेकॅनिककडे गेले. त्याला समजावून सांगितलं, ठोकळ्याखालचा एक वायसर काढ. तो आडवा झाला, टॉर्च लावला, बाहेर आला.

"मॅडम, तिथे वायसर नाही. ठोकळा पण नाही. नुसता एक रबराचा तुकडा चिकटवलेला आहे."

"असं कसं? दरवर्षी एक काढत होते, वायर सैल होते म्हणून."

"वायर सैल झाली तर वायसर कशाला काढायचा? इथे नट आहे, तो कसायचा. दोन मिनिटांचं काम." त्याने तो कसला. गाडी सुरू केली. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. "तुमचं पेडल तर पूर्ण तळापर्यंत जातंय, मॅडम. इतर गाड्यांसारखंच."

मी गाडीत बसले. क्लच दाबला. पाय आखडला, खाली गेला, तळाला गेला. 'टक्' झालं, ते नुसत्या रबराचं. खाली वाकून सीटच्या खाचा मोजल्या, सर्वांत मागच्या खाचेपासून सीट कितीतरी पुढे आली होती. दोन वर्षांपासून मी जिना एकाआड एक पाय टाकत चढते. मला वाटायचं, जुनं दुखणं मुरलं असेल. डॉक्टरही मागे म्हणाले होते, "अरे वा, बराच वाकतो की, व्यायाम करता वाटतं?" मी ठणकावून म्हटलं होतं, "अजिबात नाही!"

लबाड माणूस! गुडघ्याचं नाव काढू नका म्हटलं, तर खरंच नाही काढलं. पण दरवर्षी एका वायसरएवढा, नाण्याच्या जाडीएवढा तो वाकवत नेला. माझ्याच हाताने सीट पुढे ओढवून घेतली. भिवापूरच्या रस्त्यावर, बर्डीच्या गर्दीत रोज शंभरदा माझ्याकडून व्यायाम करून घेतला, आणि मी म्हणत राहिले की वायर सैल झाली. एवढा धीर माणसात येतो कुठून? सांगितलं असतं तर मी गाडी घेऊन तिथून निघाले असते आणि पुन्हा आले नसते. हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

तशीच इंदोऱ्याला गेले. शेड झाडून ठेवलं होतं, हत्यारं जिथल्या तिथे. मी संगीताला विचारलं, काकांनी माझ्या गाडीतले काढलेले वायसर कुठे टाकले असतील गं? ती म्हणाली, "टाकतील कायले?" आणि भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला एक तार लटकत होती. तारेत नऊ वायसर ओवलेले, आणि सर्वांत खाली बोल्टच्याच भोकातून अडकवलेला बाभळीचा तो ठोकळा, वायसर संपल्यावर खालून तासत तासत पातळ केलेला, पेडल टेकून टेकून मधोमध खड्डा पडलेला.

"कोणाले हात लावू देत नोते बाबा," संगीता म्हणाली. "एकदा मी झाडता झाडता खाली काढलं, तर केवढे ओरडले. म्हणे, ठेव तिथं, बाईंचा गुडघा हाये तो."

मी ठोकळ्यातल्या खड्ड्यावर बोट टेकवून उभी राहिले. ते पाहून ती लगबगीने आत वळली. "थांबा बाई, खुर्ची आणतो."

"राहू दे गं," मी म्हटलं. मी चपला काढल्या, भिंतीला हात टेकला, आणि हळूहळू, दात आवळून, काकांच्या त्या वीतभर उंच स्टुलावर बसले.