पाद्रींनी पोचवलेला निरोप

आमच्या शेजारचे पाद्री आधी सेमिनरीत धर्मशास्त्र शिकवायचे, मग चर्चचे राजदूत म्हणून देशोदेशी फिरले. निवृत्त होऊन पेडण्याला परतले, तरी जुनी सवय गेली नाही. काहीही विचारलं की सावकाश चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "पळोवया," म्हणजे बघूया. त्यात होकार नसायचा, नकारही नसायचा.

काजूच्या बागेवरून माझ्या वडिलांचं आणि काकांचं बोलणं तुटलं होतं. काका डिचोलीला राहायचे. पाद्री तिकडे निघाले की वडील तावातावाने बजावायचे, "सांगा त्याला, माझ्या दारात पाय ठेवायचा नाही!"

यंदा गणेशचवथीला पाद्री आमच्याकडे नेवऱ्या खात बसले होते, तेवढ्यात काका दारात उभे. म्हणाले, "दादा, तुझा निरोप मिळाला, म्हणून आलो."

वडिलांनी पाद्रींकडे रोखून पाहिलं. मग उठले आणि काकांच्या हातातली पिशवी घेतली.

पाद्री जायला निघाले तेव्हा मी त्यांना फाटकापाशी गाठलं. "फादर, हे खोटं बोलणं नव्हे?"

"खोटं कसलं? शिव्या देऊन झाल्या की तुझा बापूय दर वेळी हळूच विचारायचा, त्याचा खोकला बरा झाला का? मी तेवढंच सांगत गेलो."