शिंप्याची भेट बंद

तुरुंगात त्याला तोंडावर सगळे जमादार म्हणत, पाठीमागे तराजू. नाव ठेवणाऱ्यांनी ते वाईट हेतूने ठेवलेलं नव्हतं. हा माणूस काही करण्याआधी डोळे बारीक करून कुणाला किती लागेल, कुणाचं किती निभावेल, याचा अंदाज घ्यायचा आणि मगच तोंड उघडायचा. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकाही कैद्याच्या अंगाला बोट लावलं नाही. तुरुंगात हे सोपं नसतं, तिथे मारणं सोपं असतं.

तो नोकरीला लागला तेव्हा रीत वेगळी होती. बराकीत काही चोरीला गेलं, कुणाचं डोकं फुटलं आणि गुन्हेगार सापडला नाही, की नव्वदच्या नव्वद कैद्यांना ओळीत उभं करून झोडपायचे. पहिल्याच महिन्यात ते पाहिलं आणि दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. प्रशिक्षणात एक म्हातारे मास्तर सांगायचे, "शिक्षेने कुणाला तरी दुखतं, म्हणजे ती मुळात वाईटच. त्या दुखण्याने पुढची दहा दुखणी टळणार असतील तरच द्यावी, आणि टळतील एवढीच द्यावी." बाकीचे त्या तासाला पेंगायचे. याने मात्र ते बोलणं मनाशी असं गाठ मारून ठेवलं की पुढे ती गाठ त्याला स्वतःलाही सोडवता आली नाही.

जमादार झाल्यावर त्याने आपल्या बराकीत नवी रीत पाडली. गुन्हेगार सापडला तर त्याला शिक्षा. नाही सापडला तर कुणातरी एकालाच शिक्षा, आणि तो एक कोण हे जमादार ठरवणार. कारण कुणालाच शिक्षा झाली नाही की कैदी स्वतः न्याय करायला बसतात, आणि त्यांचा न्याय म्हणजे धार लावलेला पत्रा नाहीतर वीट. बराकीच्या फळ्यावर शिक्षेसाठी एक नाव लागलं की सगळे गार. त्या नावाने खरंच काही केलंय का, याची कुणाला पडलेली नसते. आधी नव्वद जणांना मार बसायचा, आता एकाची घरच्यांशी होणारी भेट बंद होते. तुम्हीच सांगा, यात वाईट काय होतं? साहेबांनाही पटलं. आठ वर्षांत या बराकीत एकही मुडदा पडला नाही, शेजारच्या बराकीत चार पडले.

आता तो एक निवडायचा कसा? ज्याला सगळ्यांत कमी लागेल तो. असा माणूस बराकीत एकच होता. साठीला टेकलेला, जन्मठेपेचा, तुरुंगाच्या शिवणखात्यात गणवेश शिवणारा. त्याला सगळे शिंपीच म्हणत. रागाच्या भरात बायकोचा जीव घेऊन तो आत आला होता. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, तिला मामाने नेलं. त्यानंतर चौदा वर्षांत त्याच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. अशा माणसाची भेट बंद केली तर त्याचं जाणार काय?

पहिल्या वेळी जमादाराने त्याला, तुझं नाव लावू का, असं विचारलं. शिंपी हसला. "टकल्याचा कंगवा जप्त करताय, जमादार. करा की." दुसऱ्या वेळी जमादाराने नुसतं सांगितलं. तिसऱ्या वेळेपासून तेही नाही. आपण यावेळी काय केलं, हे शिंप्याला फळ्यावर वाचून कळायचं.

घरीही तराजूचं हेच. दोन मुली भांडल्या आणि चूक कुणाची ते कळेना, की हा थोरलीला ओरडायचा, कारण धाकटी तासभर रडायची आणि थोरली रडायची नाही. एकदा बायको म्हणाली, "अहो, ती रडत नाही म्हणजे तिला लागत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" थोरलीने पुढे बापाशी बोलणंच कमी केलं, आणि घर शांत झालं म्हणून हा खूश.

त्या वर्षी शिवणखात्यातली एक कात्री नाहीशी झाली. तिसऱ्या दिवशी ती संडासामागे सापडली, टोकाला धार काढलेली. बराकीत दोन टोळ्या होत्या आणि दोन्ही एकमेकींकडे बोट दाखवू लागल्या. कैदी जेवताना भिंतीला पाठ लावून बसायला लागले. जमादाराने खडू घेतला आणि लिहिलं: शिंपी, कात्रीबाबत निष्काळजीपणा, तीन महिने भेट बंद. संध्याकाळपर्यंत माणसं पुन्हा पत्ते कुटायला लागली.

सातव्या आठवड्यात, भेटीच्या दिवशी, दारावरच्या खिडकीशी एक तरुण बाई येऊन उभी राहिली. तिने आपला कागद आत सरकवला. जमादाराने कैद्याचं नाव वाचलं, नात्याच्या रकान्यात 'मुलगी' वाचलं, आणि कागद पुन्हा वरपासून वाचला.

"त्यांची भेट बंद आहे," तो म्हणाला. "दीड महिन्याने या."

"रात्रभर प्रवास करून आलेय मी. मामाला न सांगता."

"नियम आहे, बाई."

ती खिडकीच्या आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "मला त्यांच्याशी बोलायचंच आहे असं नाही. नुसतं तोंड बघायचंय. बोलायचं की नाही, ते बघून ठरवीन. पाच मिनिटं द्या. इथवर यायला मला चौदा वर्षं लागली. पुन्हा एवढा धीर नाही व्हायचा माझ्याच्याने."

पाच मिनिटं देणं त्याच्या हातात होतं. पण भेटीच्या खोलीत त्याच्या बराकीतले अकरा जण जाळीला नाक लावून बसलेले होते. शिंपी तिथे दिसला असता तर दुपारच्या आत बोभाटा झाला असता की शिक्षा लुटूपुटूची आहे. मग कात्री कुणाची, हा प्रश्न पुन्हा उठला असता, आणि यावेळी त्याचं उत्तर कैद्यांनी दिलं असतं. एका बाजूला एका बाईची पाच मिनिटं, दुसऱ्या बाजूला नव्वद जीव. सव्वीस वर्षांत त्याच्यापुढे इतका सोपा प्रश्न आला नव्हता, आणि तरी त्याला मान वर करवत नव्हती. कागदावर नजर ठेवूनच त्याने तो परत सरकवला. चपलांचा आवाज फाटकापर्यंत गेला आणि थांबला.

शिंप्याला सांगायचं नाही, हेही त्याने तिथेच ठरवलं. जे माहीत नाही ते दुखत नाही. पण तुरुंगात दारावरची बातमी चहाच्या आधी आत पोचते. दुसऱ्या दिवशी शिवणखात्यात शिंपी मशीन थांबवून उभा राहिला. भांडेल, शिव्या देईल असं जमादाराला वाटलं होतं. त्यासाठी तो तयारच होता.

शिंप्याने हलक्या आवाजात विचारलं, "जमादार, दिसते कशी हो ती?"

जमादाराने तोंड उघडलं. काहीतरी गोड सांगून टाकावं, त्यात कुणाचं काय जातंय, असं त्याच्या मनात आलं. पण सांगणार काय? उंच की बुटकी, गोरी की सावळी, त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"मी बघितलं नाही," तो म्हणाला.

शिंप्याने मान हलवली आणि सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही नेढ्यात जाईना. जमादार तिथे उभा राहून ते बघत राहिला. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिला लिहा. पत्ता दारावरच्या नोंदवहीत असेलच. माझ्या चुकीने झालं, परत या, म्हणून लिहा." दोन आठवडे तो रोज उद्या लिहू म्हणत राहिला. लिहिलं तर चूक कबूल करावी लागणार, ती साहेबांपर्यंत जाणार, रीत मोडणार, आणि बराक पुन्हा पेटणार. पत्र राहिलं ते राहिलंच.

शिंप्याचे तीन महिने संपले. ती आली नाही. पुढच्याही महिन्यात आली नाही. दर भेटीच्या दिवशी शिंपी धुतलेला सदरा घालून बराकीच्या दाराशी बसायचा, आणि नावं पुकारून संपली की उठून कामाला जायचा.

पावसाळ्यानंतर दवाखान्यातल्या गोळ्यांची बाटली चोरीला गेली. चोर सापडला नाही, कुजबूज वाढली. जमादार खडू घेऊन फळ्यासमोर उभा राहिला. एकाची म्हातारी आई दर महिन्याला यायची. एकाला नुकताच मुलगा झाला होता. एकाची बायको सोडून जायच्या बेतात होती, भेट चुकली तर गेलीच असती. नव्वद नावं त्याने दोनदा मनात फिरवली. मग त्याने लिहिलं: शिंपी, तीन महिने भेट बंद. त्याच्याकडे आता कुणी येणार नाही, हे तर जमादाराइतक्या खात्रीने दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.