बिनविरोध आत्याबाई

माझ्या बायकोच्या आत्याला मी बिनविरोध निवडून आणलं. आयुष्यात मी मूर्खपणा काही कमी केलेला नाही. पुण्याहून येताना कुर्डुवाडी समजून केमच्या स्टेशनवर सहकुटुंब, सामानासकट उतरलो आहे. साहेबांच्या निरोपसमारंभात चुकून श्रद्धांजलीचं भाषण केलं आहे. पण ते सगळं कसंबसं निस्तरलं. हे मात्र आजतागायत निस्तरलेलं नाही.

सोलापुरात बसून युरोपचा संसार करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. आमच्या पेठेतल्या दोन खोल्यांत आत्याबाई एकट्या राहत. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, बारीक अंगाच्या, खणखणीत आवाजाच्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारलं तर म्हणत, "वेळ कुठं होता?" युरोपातले देश त्यांना आमच्या आळीतल्या घरांसारखे ठाऊक होते, आणि त्या घरांशी त्यांचे राग-लोभही तसेच होते. फिनलंड हे त्यांच्या लेखी माहेर. "आपल्या फिनलंडनं युरोपात सगळ्यांच्या आधी बायकांना मत दिलं," असं त्या अशा थाटात सांगत की फिनलंड वैरागच्या पलीकडं कुठंतरी असावं आणि तिथं त्यांची चुलत बहीण दिलेली असावी. फ्रान्सवर त्यांचा राग होता. "क्रांती केली म्हणे. राजाचं डोकं उडवलं, आणि बायकांना मत द्यायला दुसरं महायुद्ध लागलं." हे त्या कांदा चिरताना म्हणत, त्यामुळं फ्रान्सची बाजू घ्यायची कुणाची छाती होत नसे. लिक्टेनश्टाइन नावाचं एक राज्य युरोपात आहे, हे मला त्यांच्यामुळंच कळलं. "आपल्या अक्कलकोट संस्थानाएवढंसुद्धा नाही, आणि पुरुषांचा तोरा बघा," असं म्हणून त्या ते नकाशावर करंगळीनं झाकून टाकत.

पण खरं वैर स्वित्झर्लंडशी. तिथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत नव्हतं, हे त्यांना इतकं लागलेलं होतं की सहामाही परीक्षेत 'स्वित्झर्लंड कशासाठी प्रसिद्ध आहे?' या प्रश्नाला एका मुलीनं 'घड्याळे, बर्फ आणि बायकांना मत नसणे' असं उत्तर लिहिलं, तेव्हा आत्याबाईंनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते. नियतीनं गंमत अशी केली, की निवृत्तीच्या दिवशी शाळेनं त्यांना मनगटी घड्याळ दिलं आणि ते निघालं स्वित्झर्लंडचं. आत्याबाईंनी ते डबीसकट कपाटात ठेवलं. "तिथल्या बायांना मत मिळू दे, मग घालीन." तोवर त्यांचं सगळं गिरणीच्या भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की चहा, भोंगा झाला की आंघोळ. गिरणीत संप झाला की त्यांची आमटी करपायची. मी मुद्दाम जाऊन विचारायचो, "आत्याबाई, किती वाजले असतील हो?" त्या शांतपणे म्हणत, "स्वित्झर्लंडला विचारा."

एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत तिथल्या पुरुषांनी एकदाचं बायकांच्या बाजूनं मत दिलं. आत्याबाईंनी रेडिओवर ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीत शेंगाची चटणी वाटली. पेढे का नाहीत, असं मी विचारलं. म्हणाल्या, "इतक्या उशिरा दिलं त्याला पेढे कसले?" मग त्यांनी कपाटातून घड्याळ काढलं, किल्ली दिली, मनगटावर बांधलं आणि दिवसभर ज्याला-त्याला न विचारता वेळ सांगत हिंडल्या.

माझी आणि त्यांची पहिली भेट मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची. पोह्यांची बशी माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "स्वित्झर्लंडबद्दल तुमचं काय मत आहे?" मी पुष्कळ विचार करून म्हणालो, "थंड आहे." आत जाऊन त्यांनी निकाल दिला, तो मला बाहेर स्पष्ट ऐकू आला. "मुलगा अडाणी आहे, पण निरुपद्रवी आहे. करून टाका."

तर अशा या आत्याबाईंनी आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला उभं राहायचं ठरवलं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. एक सभासद मुलाकडं पुण्याला राहायला गेले आणि एक जागा मोकळी झाली. त्या कार्यकारिणीत तोवर एकही बाई नव्हती, आणि खरं तर तिथं कधी निवडणूकच झाली नव्हती. अध्यक्षांच्या गच्चीवर चार वडीलधारे जमायचे, चहा व्हायचा, उभं राहू पाहणाऱ्याची समजूत घातली जायची आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं जायचं, 'निवडणूक बिनविरोध पार पडली.' यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट बिनविरोध म्हणजे मोठा मान. ज्याच्यावर मतदानाची वेळ आली त्याच्यातच काहीतरी खोट असणार, अशी आमची पक्की समजूत.

आत्याबाई मात्र मतदानाच्याच मागं लागल्या होत्या. वाचनालयातली पुस्तकं वाचायच्या बायका आणि सभासद असायचे त्यांचे नवरे. आत्याबाई घरोघर गेल्या. "वाचता तुम्ही आणि नाव त्यांचं? जेवता तुम्ही आणि ढेकर ते देतात का?" असं विचारून त्यांनी बायकांना आपापल्या नावानं सभासद करून घेतलं. मागच्या आळीत विड्या वळणारी एक तेलुगू बाई होती. सुपात तंबाखू घेऊन ती विड्या वळायची आणि आत्याबाई शेजारी बसून तिला धडे द्यायच्या. ती अक्षर लावून वाचायला शिकली आणि तीही सभासद झाली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला पत्रेवाल्याकडून खाच पाडून आत्याबाईंनी मतपेटी तयार केली. घरी गेलं की त्या पेटीत कोरी चिठ्ठी टाकून दाखवत. "आवाज ऐका. हात वर करून दिलेलं मत खाली येतं. हे आत जाऊन बसतं."

त्यांच्यासमोर उभे होते सुताच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळी पेठ अण्णा म्हणायची. भला माणूस. वाचनाशी त्यांचा संबंध एवढाच, की वाचनालयाच्या ओट्यावर त्यांना चांगली झोप लागे.

आत्याबाईंच्या अर्जावर सूचक म्हणून सही माझी होती. सही झाल्यावर त्या म्हणाल्या, "जावईबापू, आता मला एकच मदत करा. काहीही करू नका."

"म्हणजे प्रचारसुद्धा?"

"प्रचार तर मुळीच नको. मला फक्त एवढं बघायचंय, की या पेठेतली किती माणसं मला मत देतात. हरले तरी चालेल. पण मोजून हरायचंय."

हे मी ऐकलं. मान डोलावली. आणि मला काय वाटलं? मला वाटलं, बाई बिचारी उतारवयात अपमानाला तयार होते आहे, तिला वाचवलं पाहिजे. माणसाच्या डोक्यात एकदा परोपकार शिरला की तिथं दुसरं काही राहत नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी अण्णांच्या दुकानात गेलो. सुताच्या गठ्ठ्यावर बसलो, चहा झाला. मी आत्याबाईंचं वय काढलं, एकटेपण काढलं, पेठेची परंपरा काढली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी एवढं बोलायची गरज न्हवती की. मीच माघार घेनार हुतो. काल रातच्याला बायकोला इचारलं, मत कुनाला देनार? तर म्हनली, बाईंना. म्या म्हनलं, आन मला? तर म्हनली, तुमाला जेवायला देते की." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरातलंच मत न्हाय, तर भाईरचं काय सांगू? लई बायका तिकडं हायत. पडलो तर दुकानात बसायची चोरी. बिनविरोध करून टाका. तुमचाबी मान, माजीबी सुटका."

शहाण्या माणसानं या वेळी उठून घरी जायला हवं होतं. समोरचा उमेदवार स्वतःच्या तोंडानं सांगतो आहे की बाई निवडून येणार. आणि मी, त्या बाईचा सूचक, आनंदानं त्याच्या माघारीच्या अर्जावर साक्षीदाराची सही करून अध्यक्षांच्या घरी स्वतः पोचवून आलो. येताना हार आणि पेढे घेतले. आत्याबाईंना मुद्दाम सांगितलं नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई मतपेटी पदराखाली धरून वाचनालयात आल्या. फळ्यावर लिहिलेलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मी पुढं होऊन हार घातला. चार टाळ्या वाजल्या. अध्यक्ष म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या जावयाचं कौतुक करावं तेवढं थोडं."

त्यांनी मला विचारलं, "मला मत कुणी दिलं?"

"कुणी द्यायची गरजच पडली नाही, आत्याबाई."

"तेच विचारतेय," त्या म्हणाल्या, आणि हार काढून त्यांनी मतपेटीवर ठेवला.

तेवढ्यात बायका यायला लागल्या. ठेवणीतली लुगडी नेसून, डोक्यात फुलं माळून. त्यांत अण्णांची बायकोही होती. विड्या वळणारी ती बाई तर त्या दिवशीचं काम बुडवून आली होती, बोटांचा तंबाखूचा पिवळेपणा घासून घासून कमी केलेला. ती मला म्हणाली, "मत टाकाया आलो की. पेटी कुटं हाय?"

मी म्हणालो, "झालं सगळं. बाई निवडून आल्या. बिनविरोध."

"आनि आमी न टाकताच?"

मी तिला पेढा दिला. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला, आत्याबाईंकडं एकदा बघितलं आणि गेली. एकेक करून सगळ्याच गेल्या. आत्याबाई दारात उभं राहून प्रत्येकीला सांगत होत्या, "पुढच्या वेळी." पुढच्या वेळी कुणी आलं नाही. पुढच्या वेळी मतदानही झालं नाही.

कार्यकारिणीत आत्याबाईंकडं हळदीकुंकू, संमेलनाची रांगोळी आणि पाहुण्यांचा चहा ही खाती आली. एकदा त्या ठामपणे म्हणाल्या, की बायकांसाठी दुपारची वेळ ठेवा, संध्याकाळी त्यांना चूल सोडता येत नाही. अध्यक्ष हसून म्हणाले, "आत्याबाई, तुम्हाला आम्ही बिनविरोध घेतलंय की. आता तुम्हीच विरोध करता होय?" सगळे हसले. त्या घरी आल्यावर माझ्या बायकोला म्हणाल्या, "चार मतं जरी पाठीशी असती ना, तरी मी टेबलावर हात आपटला असता. आता कशाच्या जोरावर आपटू?" वर्षभरानं त्यांनी राजीनामा दिला. तो मात्र लगेच मंजूर झाला, तोही बिनविरोध.

माझ्याशी बोलणं त्यांनी कधी टाकलं नाही. तेच जास्त लागायचं. चटणी देत, मुलांचा भूगोल घेत. फक्त मी कधी "काही मदत करू का?" असं म्हटलं, की हातातलं काम घट्ट धरून "नको" म्हणत.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांचं दुखणं वाढलं. खाटेशेजारी त्याच बिस्किटांच्या डब्यावर रेडिओ ठेवलेला असे. त्या वर्षी युरोपातल्या नऊ देशांनी मिळून एक लोकसभा निवडली, लोकांच्या थेट मतांनी, पहिल्यांदाच. आत्याबाईंच्या अंगात त्या दिवसांपुरती पुन्हा ताकद आली. कुठल्या देशातून किती बायका, एवढंच त्यांना हवं असे, आणि रेडिओवाले नेमकं तेच सांगत नसत. "अजून पुष्कळ कमी आहेत," त्या म्हणत, "पण मोजलेल्या आहेत."

जुलैमध्ये एका दुपारी मी गेलो तर त्या उशीला टेकून बसल्या होत्या. मनगट इतकं बारीक झालं होतं की घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं. "ऐकलं का? त्या सभेची अध्यक्ष बाई झाली."

"वा," मी म्हणालो. "एकमतानं?"

"छे. समोर उमेदवार होते. पहिल्या फेरीत नाही जमलं. दुसऱ्या फेरीत निवडून आली." हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला, की इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी बोलून गेलो. सुताच्या गठ्ठ्यावर बसून ऐकलेलं सगळं सांगितलं. अण्णांच्या बायकोचं मत कुणाला होतं, अण्णा कशाला घाबरले होते. "तुम्ही निवडून येणार होता, आत्याबाई," मी म्हणालो. "मतांनी."

रेडिओची खरखर चालू होती. मग हात लांबवून त्यांनी तो बंद केला, आणि खालच्या डब्याच्या झाकणावरची खाच बोटानं चाचपत राहिल्या.

"अण्णांची बायको म्हणाली असं?"

"हो."

"आणखी कोण कोण?"

"ते आता कसं कळणार?"

"नाहीच कळणार," त्या म्हणाल्या. गिरणीचा भोंगा झाला. त्यांनी सवयीनं घड्याळ मनगटापर्यंत ओढून बघितलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्या अध्यक्षबाईला जावई नसेल."