शेवटचा डाव सांगायचा नाही

चेन्नईच्या आमच्या लॅबमधली दोन माणसं कुठेही भेटली की पाच मिनिटांत राव सरांचे किस्से सुरू होतात. सर गेल्यापासून तर जरा जास्तच!

सर तंजावरी मराठी. विषय काय, तर माणसं एकमेकांशी चांगली का वागतात याचं गणित. मी सांगलीचा, म्हणून माझ्यावर मराठीत ओरडायचे. बाकीच्यांवर तमिळमध्ये.

*

सेल्वी माझ्याच बॅचची. तिने कॉम्प्युटरवर खोटी माणसं खेळायला बसवली. पुन्हा गाठ पडणार म्हटल्यावर ती एकमेकांना मदत करायची. एकदा तिने त्यांना शेवटचा डाव कुठला ते सांगून टाकलं. झालं! शेवटच्या डावात सगळ्यांनी फसवलं. मग त्याच्या आधीच्या डावात का नको? असं करत करत पार पहिल्या डावापर्यंत सगळे चोर!

सरांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "त्यांना सांगायचंच कशाला?"

*

वर्गात कुणीतरी विचारलं, "सर, खऱ्या माणसांचं काय?"

"आमच्या वडिलांचंच घ्या. आम्ही भाऊ भांडायचो, अप्पा माझ्याकडे राहू देत. मग डॉक्टरांनी किती महिने उरलेत ते सांगितलं. त्यानंतरही भांडायचो. थोडेच दिवस आहेत, तू ठेव!"

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

*

सरांच्या घरून काकू रोज फ्लास्कमधून कॉफी द्यायच्या. पहिला घोट घेतला की सरांचा घरी फोन. "कॉफी दिलीस कीं भांडें विसळलेलें पाणी?"

पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू यायचा. "उद्यांपासून कॅन्टीनची प्या!"

दुसऱ्या दिवशी फ्लास्क हजर.

*

सेल्वीला सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी लागली. सरांनी तिला थांबवलं, फळ्यावर तिचं पुढच्या तीन वर्षांचं काम लिहून दाखवलं. कुठला पेपर कधी, सगळं! सेल्वीने नोकरी नाकारली.

पोंगल झाला, सर हॉस्पिटलमध्ये गेले आणि परत आलेच नाहीत. त्यांच्या घरी डॉक्टर भेटले, तेव्हा आम्हाला कळलं. आजार हाताबाहेर गेलाय हे सरांना फळ्यावर ते लिहिण्याच्या आधीपासून माहीत होतं.

सेल्वी रडली नाही. "माहीत असून लिहिलं!" एवढंच म्हणत राहिली. तिला नवा गाइड मिळाला नाही, सिरुसेरीची जागाही भरली होती. मला सरांचा अजून राग येतो. आठवणही तितकीच येते.

*

तेराव्यानंतर काकूंकडे गेलो. हॉस्पिटलमध्येसुद्धा शेवटच्या सकाळी दोघांचं कॉफीवरून वाजलं होतं म्हणे.

मी विचारलं, "सरांनी तुमच्यापासूनही लपवलं?"

"डॉक्टरानें मजला त्यांच्या आधींच सांगितलें होतें."

"मग त्यांच्याजवळ बोलला का नाहीत?"

काकूंनी कॉफीचा टंबलर माझ्यापुढे ठेवला.

"मजला ठाऊक आहे हें त्यांस कळलें असतें, तर ते मजशीं गोड बोलायला लागले असते."