दादाच्या सायकलचं पायडल

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. अर्ध्या शहरातली माणसं त्याच्या भरवशावर वर-खाली करायची आणि आम्ही राहायचो त्या इमारतीला मात्र लिफ्टच नव्हती. त्यावरून कोणी चिडवलं की म्हणायचा, "घरीही असती तर घरी येऊनही तेच करत बसलो असतो." सरळ उत्तर देणं त्याच्या जिवावर यायचं.

आमच्या घरात पाय जातात. दुखत नाहीत, सुजत नाहीत, नुसते सोडून जातात. बाबांचे असेच गेले. आधी चालता चालता पायातली चप्पल निसटायची आणि त्यांना पत्ताही लागायचा नाही. मग जिन्याचा कठडा, मग भिंत, मग खुर्ची. ते सगळं बघून दादाने लग्न केलं नाही. मी केलं, मला लेक झाली. "तुला अक्कल नाही," असं तो मला तेव्हा तोंडावर म्हणाला होता. आणि पुढे त्याच लेकीला खांद्यावर घेऊन गल्लीभर मिरवायचा.

मग त्याची चप्पल निसटायला लागली. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, पाय चालते ठेवा, चालतील तितके दिवस आपले. दादाने भंगारवाल्याकडून जाड टायरांची, डोंगरात चालवायची एक सायकल उचलून आणली. पुढच्या चाकात मोटर बसवली. फेकून दिलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यातले चांगले सेल निवडले, एकाला एक जोडले आणि हँडलखालच्या दांड्यावर पत्र्याच्या डब्यात घट्ट बसवले. पायडलजवळ एक चकती होती. पायडल फिरलं की तिला समजायचं आणि मोटर सुरू व्हायची. "माझ्या सायकलला फुकटचं बटण नाही," तो ऐटीत सांगायचा. "पाय हलले तरच मोटर हलते."

त्याच्या कंपनीचं वर्कशॉप चढाच्या माथ्यावर आणि माझं शिवणकामाचं दुकान चढाच्या मध्यावर. रोज सकाळी मी खिडकीशी मशीनवर बसलेली असायचे आणि तो पायडल मारत समोरून वर जायचा. जाताना घंटी. वर्षानुवर्षं. तो दिसला की माझा दिवस सुरू व्हायचा, कारण एव्हाना माझीही चप्पल एकदा निसटली होती. मी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय करायचं होतं? दादाचे पाय टिकलेत म्हणजे माझेही टिकतील, लेकीवर वेळच येणार नाही, एवढंच मी धरून बसले होते. त्याने एकदा माझ्या मशीनला मोटर लावून देतो म्हटलं, तर मी उसळले. "तू चढावर पायडल मारतोस आणि मी बसल्याजागी मारू नको? मला काय धाड भरलीय?" तो सायकलवर बसून निघून गेला. मला वाटलं, बरी जिरवली.

या वर्षी त्याचा पाय दांड्यावरून पलीकडे जाईना. वर्कशॉपच्या फाटकातच सायकलसकट पडला. कंपनीने घरी बसवलं, आणि जिना होईना म्हणून मी त्याला दुकानामागच्या खोलीत आणलं. त्याने स्वतःच सायकलचा फोटो काढून ती विकायला टाकली. मला आवडलं नाही, पण रोज तिच्याकडे बघत बसण्यापेक्षा बरं, असं मनाला समजावलं.

लोक आले. एकाला फक्त बॅटरी हवी होती. त्याला दादाने पाणीसुद्धा विचारलं नाही. एका गृहस्थांनी विचारलं, "कुठल्या कंपनीची?" दादा म्हणाला, "माझ्या." ते हसत निघून गेले.

शेवटी एक कुरियरवाला आला. चाळिशी ओलांडलेला, मोजकं बोलणारा. मोटरवर चढ चढून आला, ब्रेक दाबून बघितले, खूश झाला. "आता बॅटरी बंद करून बघतो," म्हणाला. "पार्सलं लादलेली असताना मध्येच चार्जिंग संपलं, तर पायानेच यावं लागणार."

"संपत नाही," दादा पटकन म्हणाला. "काही गरज नाही त्याची."

"बघू दे की रे!" मी म्हटलं. "घेणारा माणूस बघणारच." आणि मीच पुढे होऊन बॅटरीच्या डब्याची चावी फिरवून काढून घेतली.

कुरियरवाल्याने जोर लावला. पायडल गरागरा फिरलं, चेन फिरली, सायकल जागची हलली नाही. तोल जाऊन तो पडता पडता वाचला. "अहो ताई, हे नुसतंच फिरतंय!"

खाली बसून त्याने मागचं चाक हाताने फिरवलं, कान लावला. "फ्रीव्हीलचे कुत्रे नाहीत आत." मला कळेना, तेव्हा त्याने समजावलं. पायडलचा जोर चाकाला देणारे आत दोन बारीक खटके असतात, त्यांना सायकलवाले कुत्रे म्हणतात. "तुटलेले नाहीत. कोणीतरी काढून घेतलेत."

दादा रस्त्याकडे बघत होता.

"कधी काढलेस?" मी विचारलं.

"सायकल बांधली त्याच्या पुढच्याच वर्षी. जोर लागेना, पायडलच फिरेना."

म्हणजे इतकी वर्षं त्याच्या पायांनी त्या चढावर काहीच केलं नव्हतं. मोटर त्याला ओढत नेत होती आणि पाय वरवर गोल फिरत होते.

"मग पाय कशाला हलवत होतास? बटण लावायचं, बाकीचे लावतात तसं!"

"तू खिडकीत असायचीस."

माझं डोकं फिरलं. परक्या माणसासमोर मी त्याला नको नको ते बोलले. खोटारडा म्हटलं, घंटी कसली वाजवत होतास म्हटलं. मी रोज मशीनवर पोटऱ्या भरून येईपर्यंत पायडल हाणत होते ते याच्याकडे बघून. "मी मोटर नको म्हटलं, तेव्हा तरी बोलायचंस!"

"त्याच्या आदल्या दिवशी तुझी चप्पल निसटली होती," दादा म्हणाला. "दुकानाच्या पायरीवर. मी बघितलं होतं."



कुरियरवाला बिचारा हेल्मेट हातात घेऊन उभा. जावं की थांबावं त्याला समजेना. दादाने मला आतून खिळ्यांचा डबा आणायला सांगितला. तळाशी कागदाच्या पुडीत ते दोन खटके होते, ग्रीस लावून जपलेले. कुरियरवाल्याने तिथेच बसून चाक उतरवलं, दादा सांगत गेला तसे बसवले. मग बॅटरी बंद ठेवूनच तो चढाला लागला. उभा राहून, धापा टाकत, पण गेला. दादा मान वळवून वळणापर्यंत बघत राहिला. कुरियरवाला परत आला, पैसे दिले, सायकल घेऊन गेला. जाताना घंटी वाजवली, त्याला काय माहीत.

मी आत येऊन मशीनवर बसले. पायडल दाबलं तर उजवा पाय नुसता ठेवल्यासारखा वाटला. राग केव्हाच उतरला होता. आता भीती वाटत होती, आणि दादापासून ती लपवण्यात अर्थ नव्हता.

"मोटर लावून दे," मी त्याला म्हटलं.

त्याच्याकडे ती कधीची तयार होती. मी मशीन त्याच्या खुर्चीपाशी सरकवली. त्याने मागच्या बाजूला, चिंध्यांच्या पिशवीआड मोटर बसवली, बटण माझ्या गुडघ्याशी दिलं, पायडलने फिरणाऱ्या मोठ्या चाकाचा पट्टा काढला. "हे पायडलही काढून टाकतो. पाय ठेवायला जागा होईल."

"राहू दे," मी म्हटलं. "पोरगी कामावरून आली की दारातूनच आधी माझ्या पायांकडे बघते."

दादाने मान वर केली नाही. पायडलच्या सांध्यात तेलाचे थेंब सोडले आणि ते हाताने हलवून बघितलं. कुरकुरत नव्हतं.

संध्याकाळी लेक आली. मी परकर शिवत होते, गुडघ्याने बटण दाबलेलं, पाय पायडलवर. तिने सवयीने खाली बघितलं आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अजून पायानेच ना? मी उगाच घाबरत असते."

"मग! मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं.

ती हसत आत आली. तिच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी बाहेर पायरीवर पडली होती आणि तिला ते कळलं नव्हतं. दादानेही ते बघितलं. मी पाय हलवत राहिले.