तांबडीचे डॉक्टर

डॉक्टरकाकांनी शोरूममधून गाडी आणली, अंगणात उभी केली, बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि बंद केलं. मग घरात येऊन ते काकूला म्हणाले, "आत काहीच नाही."

आत अर्थातच इंजिन होतं. पण त्यावर काळं झाकण होतं, बाजूला एक चपटा सीलबंद डबा होता आणि त्यातून निघालेल्या वायरी कुठे जातात ते कळत नव्हतं. कार्बोरेटर नाही, चोक नाही, पॉइंट नाहीत. हात घालायला जागाच नाही म्हणजे काकांच्या मते आत काहीच नव्हतं.

काका गाड्यांचे डॉक्टर नव्हते, दातांचे होते. रत्नागिरीत त्यांचा दवाखाना होता आणि १९९८ साली कॉलेजसाठी मी त्यांच्या घरी राहायला आले, तेव्हा दारात तांबडी उभी होती. तांबडी म्हणजे त्यांची जुनी मोटार. दात आणि तांबडी यांत ते भेद करत नसत. "इंजिन म्हणजे तोंडच. हवा आत, धूर बाहेर, आणि मध्ये कुठेतरी किडलेलं," असं ते म्हणत. दवाखान्यातला तोंडात घालायचा छोटा आरसा दर रविवारी इंजिनच्या मागच्या नटांना दाखवला जाई. कार्बोरेटरचं जेट साफ करायला त्यांनी एकदा रूट कॅनॉलची सुई वापरली. जेटचं भोक मोठं झालं आणि तांबडी रांजण उपडा करावा तसं पेट्रोल पिऊ लागली. काकू म्हणाली, "लोकांची भोकं बुजवता आणि आपल्या गाडीची मोठी करता!" काका इतके हसले, की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

तांबडी रस्त्यात बंद पडली, की त्यांच्या चेहऱ्यावर सत्यनारायणाला बसलेल्या यजमानाचं तेज यायचं. काकूची बहीण लांज्याला राहायची, त्यामुळे आमच्या बऱ्याच पूजा हातखंब्याच्या आसपास होत. "आपापल्या जागा घ्या!" अशी आरोळी उठे. त्यांची मुलगी मीनल चाकामागे दगड लावी. मी ओढणी पसरून उभी राही, काका एकेक स्क्रू त्यात टाकत आणि बजावत, "वाचकबाई, पुस्तक मिटा. हलाल तर कार्बोरेटर जन्माचा अपंग होईल." काकू एका हाताने त्यांच्या टकलावर छत्री धरी आणि दुसऱ्या हाताने कोकम सरबत वाटे. वाटे म्हणजे सगळ्यांना, कारण बघायला थांबणारेही पाहुणेच. ओळखीचा एक एसटी ड्रायव्हर तर गाडी हळू करून हमखास ओरडायचा, "काय वो डॉक्टर, आज कंची दाढ काढताव?"

"काढत नाही रे, वाचवतोय!" काका बॉनेटमधूनच उत्तर देत.

हे त्यांचं खरं बोलणं होतं. दात काढणं त्यांना आवडत नसे. "उपटणं हा उपाय नव्हे, आळस आहे," असं ते खुर्चीतल्या पेशंटला सांगत. पेशंटच्या तोंडात कापूस असे, त्यामुळे वाद होत नसे. तेवढ्यात ते त्याला प्लगवरच्या काजळीची आणि दातांवरच्या किटणाची तुलनाही ऐकवून घेत. काडेपेटी तर त्यांच्या खिशात कायम असे. इंजिनात ठिणगी पाडणारे पॉइंट घासायला तिची खरखरीत बाजू उत्तम, असं त्यांचं मत. डॉक्टर चोरून विड्या ओढतात, अशी निम्म्या गल्लीची खात्री होती.

मग मीनलचं लग्न ठरलं. कार्यालय लांज्याला. मीनलने एकच अट घातली. "बाबा, मी बोहल्यावर ग्रीस लावून उभी राहणार नाही. तांबडी नको." म्हणून तांबडी सावर्ड्याच्या एका हौशी माणसाकडे गेली आणि पांढरी आली. शोरूमच्या मेकॅनिकने काकांना सांगितलं, "काही बघायला नको सर, सगळं कॉम्प्युटर बघतो."

"मग मी काय बघू?"

"तुम्ही रस्ता बघा."

"आणि तो डबा बिघडला तर?"

"तो उघडत नाही. बदलायचा."

त्या रात्री काका नीट जेवले नाहीत. "ज्या गाडीला माझी गरज नाही, तिच्यात मी बसू तरी कशाला?" असं म्हणाले. विनोद असावा म्हणून आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

लग्नाच्या सकाळी काका, काकू, शालू नेसलेली मीनल आणि मी असे पांढरीतून निघालो. पालीला गजरे घ्यायला थांबलो. परत गाडीत बसून काकांनी किल्ली फिरवली. सेल्फ घुरघुरला, गाडी सुरू होईना. पुन्हा. पुन्हा. मुहूर्त जवळ येत होता. मीनलचा चेहरा रडवेला झाला आणि काकांचा उजळला.

"आपापल्या जागा घ्या!"

गंमत म्हणजे आम्ही घेतल्या. नवरी शालू सावरत दगड शोधायला गेली. मी पैठणीचा पदर पसरून उभी राहिले, पण त्यात टाकायला काका एकही स्क्रू काढू शकेनात. बाजारातली माणसं जमली. एक म्हातारी म्हणाली, "नवरी पळून जातेय काय गो?" काकांनी काळ्या झाकणावर टकटक केलं, डब्याला कान लावला, पुन्हा आत बसून पाय पार खाली दाबून सेल्फ मारला. काही नाही. शेवटी ते काकूला म्हणाले, "अगं, तू नुसती किल्ली फिरव, मी इथून ऐकतो."

काकू ड्रायव्हरच्या जागेवर बसली आणि तिने किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

"काय केलंस?" काका ओरडले.

"कुठे काय?"

"पाय कुठे होता?"

"वर! मांडी घालून बसलेय. खाली सोडले तर साडी मळेल ना!"

काका मैलाच्या दगडावर बसून पोट धरून हसू लागले. शेवटी मीनलनेच त्यांना हाताला धरून गाडीत कोंबलं. मुहूर्त सापडला.

पुढे मेकॅनिकने उलगडा केला. इंजिन तापलेलं असलं, की तांबडीच्या सवयीने काका ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारत. नव्या गाडीत तसं केलं, की कॉम्प्युटरला वाटतं आत पेट्रोल जास्त झालंय आणि तो पेट्रोलच तोडतो. काका खूश झाले. "म्हणजे निदान अचूक! दोष त्याने शोधला, दोष मी होतो." मग जरा थांबून म्हणाले, "पण पेशंटला सांगायला नको?"

हळूहळू काकांकडे जुन्या गाड्या घेऊन येणाऱ्या मित्रांनीही त्या बदलल्या. रविवारी आमच्या अंगणात उघडी बॉनेटं दिसेनाशी झाली. काका चारचौघांत हसत, पण हात मात्र सारखे काहीतरी शोधत. घरातली कुलपं, शेजारणीचा मिक्सर, माझं पेन यांच्यावर ते भागवत.

काही वर्षांनी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. कोल्हापूरच्या इस्पितळात आदल्या संध्याकाळी सर्जन येऊन गेला, तेव्हा काका उठून बसले आणि मला म्हणाले, "बघ वाचकबाई, अजून उघडून दुरुस्त करणारी माणसं आहेत!" इतके आनंदात मी त्यांना फार दिवसांनी पाहत होते. दुसऱ्या दिवशी ते टेबलावरच गेले.

दवाखाना आता बंद आहे. काकू गाडी चालवायला शिकली आणि लांज्याला एकटी जाते. मी पुण्यात असते. माझी उजवीकडची खालची दाढ कॉलेजात असताना काकांनी तीन बैठकांत वाचवली होती. इथल्या डॉक्टरांनी परवा ती तपासली आणि ते म्हणाले, काढून नवी बसवू. मी नको म्हटलं. दाढ अजून आहे. मी त्याच बाजूने जेवते.